इंजिन जिप्सीचे, गाडी स्पिटफायर: घ्यावी की नाही?

नेरुळमध्ये विकायला निघालेली १९६९ सालची ट्रायम्फ स्पिटफायर घ्यावी की घेऊ नये, हा प्रश्न गेले काही आठवडे माझ्या डोक्यात होता. आता तो सुटला आहे, आणि तो कसा सुटला हे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण जुन्या गाड्यांविषयी माझ्या वाचनात येणारा बहुतेक मजकूर मूळ रूपात जपलेल्या गाड्यांविषयी असतो आणि ही गाडी तशी नव्हती. तिच्या लांब बॉनेटखाली मारुती जिप्सीचे इंजिन होते, गिअरबॉक्सही जिप्सीचाच होता, चाके मूळ चाकांपेक्षा मोठी आणि रुंद होती आणि पुढच्या स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवलेली होती. अशी गाडी घेणारा माणूस आधीच्या मालकांनी घेतलेले सगळे निर्णयही पदरात घेत असतो. त्यांतला कोणता निर्णय पाना लावून मागे घेता येईल आणि कोणता कधीच मागे घेता येणार नाही, हे कळल्याशिवाय किमतीची बोलणी सुरूच करू नयेत, या मताला मी आलो आहे.

स्पिटफायर ही इंग्लंडच्या ट्रायम्फने १९६२ ते १९८० या काळात बनवलेली दोन आसनी, उघडणाऱ्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार. ठाण्याच्या माणसाला ती परकी वाटण्याचे कारण नाही, कारण ती आपल्या ओळखीच्या हेरल्डची धाकटी बहीण आहे. दोन्हींचे आरेखन इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांचे, आणि हेरल्डचीच चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा) आखूड करून स्पिटफायर उभी केली गेली. हेरल्डच्या पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर २,३२४ मिलिमीटर आहे, स्पिटफायरचे २,१०८. हेरल्ड १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्समध्ये बनू लागली, १९७२ मध्ये तिच्यावरून गॅझेल निघाली, आणि नौपाडा-चरईच्या गल्ल्यांतून वळणाऱ्या या गाड्या पाहतच माझ्या वयाची मुले मोठी झाली. तिची पुढची चाके इतकी वळतात की साधारण साडेसात मीटरच्या वर्तुळात ती पूर्ण फिरते, त्यामुळे अरुंद गल्लीतही चालकाची तारांबळ उडत नसे, आणि हा गुण स्पिटफायरमध्ये जसाच्या तसा उतरला आहे. माझ्या मामांकडे हेरल्ड होती. तिचे अख्खे बॉनेट मडगार्डांसकट पुढे कलंडायचे आणि मामा सरळ पुढच्या चाकावर बसून प्लग साफ करायचे. स्पिटफायरचे बॉनेट नेमके तसेच उघडते, आणि गाडीच्या मालकांनी, म्हणजे नेरुळच्या काकांनी, ते उघडले तेव्हा माझे अर्धे मन तिथेच त्या गाडीच्या बाजूला झुकले, हे मान्य करायला हवे.

ही मार्क तीन श्रेणीतली गाडी होती. ही श्रेणी १९६७ ते १९७० एवढाच काळ बनली आणि तिच्या ६५,३२० गाड्या निघाल्या. परदेशी वकिलातींतल्या अधिकाऱ्यांनी भारतात आणलेल्या गाड्या त्या काळी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, आणि या गाडीचाही पहिला भारतीय मालक तिला त्याच वाटेने भेटला होता, असे फाईलमधल्या पिवळ्या पडलेल्या कागदांवरून दिसत होते. नंबर एमएच मालिका सुरू होण्याच्या आधीचा, तीन अक्षरांचा. काकांनी ती बऱ्याच वर्षांपूर्वी घेतली तेव्हा इंजिन आधीच बदललेले होते. मूळ इंजिन मात्र त्यांनी फेकून न देता तुर्भ्याच्या एका गोदामात लाकडी खोक्यात ठेवले होते, आणि जाहिरातीतले हे एकच वाक्य वाचून मी फोन उचलला होता.

इंजिन बदलले म्हणजे गाडी बाटली, असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. उलट ज्याने हे इंजिन निवडले त्याने विचार करून निवडले होते, असे आकडे पाहिल्यावर माझे मत झाले. ट्रायम्फचे इंजिन १,२९६ सीसीचे, त्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३.७ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७६ मिलिमीटर. जिप्सीचे इंजिन १,२९८ सीसीचे, बोअर ७४ आणि स्ट्रोक ७५.५. ट्रायम्फचे इंजिन ७५ हॉर्सपॉवर द्यायचे, तर २००० साली फ्युएल इंजेक्शन आल्यानंतर जिप्सीचे इंजिन ८० देऊ लागले. म्हणजे या सगळ्या खटाटोपातून ताकद जेमतेम ५ हॉर्सपॉवरने वाढली. बदल ताकदीसाठी केलेलाच नव्हता. सकाळी किल्ली फिरवली की गाडी सुरू व्हावी, सुटा भाग ठाण्याच्या बाजारात मिळावा आणि महामार्गावर पाचवा गिअर असावा, यासाठी तो केला होता, आणि साधारण ७०० किलो वजनाच्या गाडीला ८० हॉर्सपॉवर भरपूर होतात. जिप्सीचे इंजिन लांबीच्या दिशेने बसते आणि मागच्या चाकांना ताकद देते, त्यामुळे मारुतीच्या इतर गाड्यांची इंजिने सोडून तेच निवडण्यातही शहाणपण होते.

पेट्रोलचा मुद्दाही त्या इंजिनाच्या बाजूने होता. जुनी ओतीव लोखंडी हेडची इंजिने शिसेयुक्त पेट्रोलवर चालण्यासाठी बनवलेली असत. त्या पेट्रोलमधले शिसे व्हॉल्व्ह ज्या कडेवर बसतो तिचे रक्षण करी. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली पूर्णपणे बंद झाले, तेव्हापासून अशी इंजिने फार पळवली तर व्हॉल्व्हची बैठक हळूहळू खचत जाते, आणि त्यावर उपाय म्हणजे हेड उतरवून कठीण धातूच्या नव्या बैठका बसवणे. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत एथेनॉल असते. एथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधली वायसरे खराब करते, आणि ते हवेतला ओलावा धरून ठेवत असल्याने पावसाळ्यात महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीला आतून गंज चढण्याचे भय असते. खाडीच्या दोन्ही तीरांवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ओलावा काय करतो हे वेगळे सांगायला नको. जिप्सीच्या इंजिनाबरोबर इंधनाच्या नळ्याही नव्या टाकलेल्या होत्या, आणि त्या एथेनॉल सहन करणाऱ्या जातीच्या होत्या. ज्याने हे काम केले तो कामात कच्चा नव्हता, हे नोंदवून ठेवतो.

इतर बदलांकडेही मी याच नजरेने पाहिले. रेडिएटरपुढे विजेवर चालणारा पंखा बसवलेला होता. माजिवड्याच्या किंवा कापूरबावडीच्या चौकात मे महिन्याच्या दुपारी अडकलेल्या जुन्या गाडीला असा पंखा नसेल तर तापमानाचा काटा कुठे जातो, हे ज्याने अनुभवले आहे तो या बदलाला नावे ठेवणार नाही. मूळ आसनांना हात न लावता बसवलेले पट्टे, दिव्यांसाठी वेगळे रिले, हे सगळे बोल्ट सोडवले की निघेल असे होते. मागच्या सस्पेन्शनवरचे काम तर मला मनापासून आवडले. मार्क तीनपर्यंतच्या स्पिटफायरचे मागचे अर्धे अक्ष चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलपाशी झुलतात, त्यामुळे वेगात वळण घेताना घाबरून एकदम अॅक्सिलरेटर सोडला तर गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो, बाहेरचे चाक आत मुडपते आणि गाडी फिरते. ट्रायम्फने स्वतःच १९७० मध्ये आलेल्या मार्क चारमध्ये मागचा पाटा (पोलादी पानांची स्प्रिंग) अशा रीतीने बसवला की त्याची बहुतेक पाने मध्यावर झुलू शकतात, आणि हा दोष बराचसा काबूत आला. तोच पाटा या गाडीला बसवलेला होता, आणि त्याबरोबर पुढचा अँटी-रोल बारही (वळणावर गाडीचे कलणे रोखणारा दांडा) जाड घेतलेला होता. हा बदल करताना तो बार जाड घ्यावा लागतो हे ज्याला माहीत असते, त्याने पुस्तक उघडून काम केलेले असते. कारखान्याने स्वतः केलेली दुरुस्ती मागच्या वर्षांच्या गाडीवर नेऊन बसवणे याला मी बिघाड म्हणणार नाही.

चाके आणि स्प्रिंगा यांविषयी मात्र माझे मत पहिल्या दिवसापासून प्रतिकूल होते. मूळ चाके १३ इंची आणि अरुंद. हिच्यावर १५ इंची रुंद अलॉय चाके चढवलेली होती आणि पुढच्या स्प्रिंगांचे वेढे कापलेले होते. दिसायला गाडी देखणी दिसत होती, पण घोडबंदर रस्त्यावरचे गतिरोधक आणि मेट्रोच्या कामानंतर राहिलेले उंचवटे पाहता इंजिनाचा तळ किती दिवस टिकेल, असा प्रश्न होता. त्याहून मोठी काळजी ट्रनियनची. हेरल्ड आणि स्पिटफायरच्या पुढच्या चाकाचा उभा दांडा खालच्या बाजूला पितळी ट्रनियनमध्ये आट्यांवर फिरतो. त्यात ग्रीस भरायचे नसते, घट्ट गिअर ऑइल घालायचे असते. ग्रीस आट्यांपर्यंत पोचत नाही, मग पाणी शिरते, आटे गंजतात, आणि एके दिवशी दांडा तुटून चाक आडवे होते. हेरल्डवर काम केलेल्या जुन्या मिस्त्रींना हे तोंडपाठ असते. त्या दांड्यावर रुंद चाकांचा जादा ताण टाकणे मला पटत नव्हते. पण चाके आणि स्प्रिंगा बदलणे हे एका दिवसाचे काम आहे, म्हणून तेवढ्यावरून नकार द्यायचा नाही असे ठरवले.

कायद्याचा भाग मी आधीपासून जाणत होतो, तरी या गाडीसाठी तो पुन्हा नीट वाचला. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातला तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी किंवा विजेवर चालवण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवण्याला वाट ठेवलेली आहे, पण एका कंपनीच्या गाडीत दुसऱ्या कंपनीचे इंजिन घालणे त्यात बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ असाच स्पष्ट केला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. या गाडीच्या आरसी बुकावर इंजिनाचा जुनाच नंबर होता, बॉनेटखालच्या इंजिनावर दुसराच. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून इंजिन घेतल्याची पावती फाईलमध्ये होती, पण ज्या जिप्सीतून ते काढले तिचा कोणताही कागद नव्हता. एका एजंटाने मला सांगितले की १,२९६ आणि १,२९८ यांत फरक तो काय, साहेब, बॉनेट उघडून कोण बघतो. मला हे बोलणे मुळीच आवडले नाही. रस्त्यावर कोणी जखमी झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर बॉनेट उघडून नंबर पाहील, आणि न कळवलेला बदल हे गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला पुरेसे कारण ठरू शकते. शिवाय मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करताना जे खरे नाही ते खरे म्हणून लिहून द्यायची माझी तयारी नव्हती.

म्हणून माझे गणित पहिल्यापासून एकच होते. गाडी घ्यायची तर मूळ इंजिन परत आत घालायचे, जिप्सीचे इंजिन बाजूला ठेवायचे, आणि बुकावरच्या नंबराशी गाडी जुळवून मगच नावावर करायची. हे करता आले असते तर आणखी एक दार उघडणार होते. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात व्हीए ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरण ५,००० रुपये. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणे आणि देखभाल एवढ्याचसाठी ती निघू शकते. मला पाम बीच रस्त्यावर रविवारी सकाळी टप उघडून जायचे होते, त्यामुळे साधी नोंदणीच ठेवावी, असा माझा कल होता. तिचा खर्च वेगळा आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग, पर्यावरण कर, आणि आयात केलेल्या चारचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क, जे २०२२ मध्ये ४०,००० रुपये झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ८०,००० रुपये करण्यात आले. नाकापेक्षा मोती जड, असे पत्नी म्हणाली, आणि तिच्या म्हणण्यात तथ्य होते. तरीही हा खर्च मी मनाने स्वीकारला होता.

गाडीची ट्रायल नेरुळपासून बेलापूरपर्यंत घेतली. गाडी छान चालते, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. इंजिन थंड असतानाही एका दमात सुरू झाले, क्लच हलका होता, तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ज्या उत्साहाने पुढे झेपावली त्याने मी हरखून गेलो. आसन इतके खाली की शेजारून जाणाऱ्या बसची चाके डोळ्यांच्या पातळीला येतात. एकच गोष्ट खटकली: सरळ रस्त्यावर ब्रेक लावला की गाडी किंचित डावीकडे ओढत होती, आणि स्टिअरिंग उजवीकडून ज्या सहजतेने परत येई तसे डावीकडून येत नव्हते. काकांच्या मते टायरमधली हवा कमी-जास्त असावी. मी हवा तपासायला लावली. ती सारखी होती.

त्यानंतर गाडी रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या एका गाळ्यात लिफ्टवर घेतली. माझ्याबरोबर वागळे इस्टेटमधले आमचे मिस्त्री होते, ज्यांनी उमेदीची वर्षे हेरल्ड आणि फियाटवर घालवली आहेत. त्यांनी आधी दोन्ही दारांखालच्या पेट्या बोटांनी ठोकत ऐकल्या. स्पिटफायरला स्वतंत्र चॅसी असली तरी हेरल्डच्या चॅसीला असलेल्या बाजूच्या पट्ट्या तिला नाहीत, त्यामुळे दारांखालच्या या पेट्यांवरच मधल्या भागाचा बराचसा भार असतो, आणि त्या सडल्या तर गाडी मधून वाकते. मिस्त्रींनी चुंबक फिरवले. उजवीकडे एका वीतभर जागेत चुंबक धरत नव्हते, म्हणजे तिथे पत्र्याऐवजी पुट्टी होती. डावी बाजू ठणठणीत निघाली. वीतभर पत्रा बदलणे हे काही मोठे काम नव्हे. गाडीच्या नंबराची पट्टीही त्यांनी पाहिली. ट्रायम्फने हा नंबर रिव्हेट केलेल्या पट्टीवर दिला आहे, म्हणून रिव्हेट जुने आहेत की नव्याने ठोकलेले, हे पाहावेच लागते. ते जुनेच होते.

मग त्यांनी टॉर्च इंजिनाखाली नेली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "साहेब, इकडे या, इथे हात लावून बघा." चॅसीच्या दोन उभ्या पट्ट्यांना पुढच्या सस्पेन्शनजवळ जोडणारी आडवी तुळई आहे. जिप्सीच्या इंजिनाचा तेलाचा तळ तिच्यावर आपटत असणार, कारण तुळईचा मधला भाग ग्राइंडरने कापून काढला होता आणि त्या जागी खालून एक सपाट पट्टी वेल्ड केली होती. वरून काळा रंग इतका जाड दिला होता की सहज पाहिले तर कळू नये. बोट फिरवल्यावर कापलेल्या कडेची धार हाताला लागली, आणि वेल्डिंगच्या एका टोकाशी केसासारखी बारीक भेग होती, तिच्यातून गंजाचे पाणी झिरपून सुकलेले दिसत होते. पेटीसारखी पोकळ तुळई पीळ सहन करते, सपाट पट्टी करत नाही. मिस्त्रींनी लिफ्टजवळच्या बांबूच्या पट्टीने आणि दोरीने डावी-उजवी मापे घेतली. पुढच्या चाकांचे कोन दोन बाजूंना वेगळे होते, आणि डाव्या बाजूला कोन जुळवण्यासाठी चकत्यांची थप्पी घातलेली होती. ब्रेक लावल्यावर गाडी डावीकडे का ओढत होती, याचे उत्तर मिळाले. बॉनेटच्या मागे, डॅशबोर्डच्या पुढे असलेल्या पत्र्याच्या भिंतीलाही इंजिनाचे मागचे टोक बसावे म्हणून खाच पाडलेली होती. गिअरबॉक्सवरचे आवरण मात्र मूळचेच सुटे असते, ते बदलले होते आणि ते परत बसवता आले असते.

मला राग आला. ज्या माणसाने नळ्या योग्य जातीच्या निवडल्या, पाट्याबरोबर बारही जाड घेतला, त्याच माणसाने हे केले असेल यावर माझा विश्वास बसेना, आणि मिस्त्रींचेही मत तेच पडले. इंजिन बसवणारा एक आणि ते मागाहून चार बोटे खाली बसवणारा दुसरा, असे ब्रॅकेटांवरच्या दोन वेगळ्या हातांच्या वेल्डिंगवरून दिसत होते. पहिल्याने इंजिन उंच ठेवून बॉनेटला फुगवटा काढला असावा, दुसऱ्याला तो फुगवटा नको असावा. एका सरळ बॉनेटसाठी चॅसी कापली गेली.

तरीही मूळ इंजिन पाहायला आम्ही तुर्भ्याला गेलो, कारण तेवढे पाहिल्याशिवाय उत्तर देणे काकांवर अन्याय झाला असता. खोके उघडले. नंबर बुकातल्या नंबराशी जुळत होता, एफडी या अक्षरांनी सुरू होणारा, मार्क तीनचाच. मिस्त्रींनी प्लगच्या भोकांतून तेल सोडले, थोडा वेळ थांबले आणि मोठ्या पान्याने पुलीचा बोल्ट फिरवला. इंजिन फिरले. मला फार आनंद झाला. मग त्यांनी पुलीमागे पेचकस घालून क्रँकशाफ्ट (पिस्टनांनी फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) पुढे ढकलला, पुन्हा मागे रेटला. या हालचालीत मिलिमीटरचा काही अंशच फरक पडायला हवा. इथे ती डोळ्यांना सरळ दिसत होती आणि प्रत्येक वेळी धातूवर धातू आपटल्याचा आवाज येत होता. क्लच दाबल्यावर क्रँकशाफ्टवर येणारा रेटा ज्या अर्धगोल चकत्या झेलतात, त्या या इंजिनात झिजतात, आणि फारच झिजल्या तर निसटून खाली पडतात. मग क्रँकशाफ्ट ब्लॉकलाच घासू लागतो. या इंजिनात घासणे सुरू झाले होते की नाही, हे खोलल्यावरच कळले असते. इंजिन वाचवता येईल, पण खर्च थोडाथोडका नाही, असे मिस्त्रींनी सांगितले.

इंजिनाचा खर्च मी केला असता. पण चॅसी जिगवर (मापे अचूक धरून ठेवणाऱ्या साच्यावर) चढवून, बॉडी उतरवून, तुळई मूळ मापाची बनवून बसवायची आणि पत्र्याच्या भिंतीची खाच बुजवायची, हे काम आपल्याकडे ज्यांच्यावर विसंबून सोपवावे असे हात मला ठाण्यात किंवा नवी मुंबईत माहीत नाहीत. पुढची दोन चाके जिथे टेकतात त्या जागी अंदाजाने केलेले काम मला माझ्या पत्नीला शेजारी बसवून पाम बीच रस्त्यावर न्यायचे नाही. आणि चॅसीवर इतके काम झालेली गाडी व्हिंटेज नोंदणीच्या नियमात बसली नसती, म्हणजे तेही दार बंद. आमच्या सोसायटीत पावसापासून आडोसा असलेली एकच जागा माझ्या वाट्याला आहे. ती जागा पुढची काही वर्षे लिफ्टशिवाय, इंजिनाशिवाय उभ्या असलेल्या गाडीला द्यायची, हे मला जमणारे नव्हते.

काकांना मी फोनवर न सांगता भेटून सांगितले. त्यांनाही चॅसी कापल्याचे ठाऊक नव्हते, यावर माझा विश्वास आहे. त्यांनी ती गाडी ज्या प्रेमाने पुसून ठेवली आहे, ते पाहिलेल्या माणसाला त्यांच्यावर संशय घेणे जमणार नाही. काढलेले सगळे फोटो आणि मिस्त्रींनी कागदावर लिहून दिलेली मापे मी त्यांच्याकडे ठेवली, आणि पुढच्या ग्राहकाला ती गाडी दाखवण्याआधी दाखवावीत अशी विनंती केली. ते लगेच हो म्हणाले. चॅसीचे काम करून घेण्याचा विचारही ते करीत आहेत, त्यासाठी पुण्यात कोणी मिळते का ते पाहणार आहेत. ती तुळई मापात बसली, मूळ इंजिन दुरुस्त होऊन आत गेले आणि गाडी आपल्या खऱ्या नंबरानिशी पासिंग होऊन आली, तर पहिला फोन मला करावा असे मी त्यांना सांगितले आहे, आणि तेव्हा ते मागतील ती किंमत घासाघीस न करता द्यायची माझी तयारी आहे.